मुशीच्या तेलातली बंदूक

आमच्या खोलीत तीन माणसं आणि एक बंदूक राहत होती. माणसं चटईवर झोपायची आणि बंदूक खाटेवर. खोलीत खाट एकच होती आणि वयाच्या मानानं ती खालूंच्या वाट्याला आली होती. पण खालूंनी ती पहिल्याच आठवड्यात बंदुकीला देऊन टाकली.

"लाकूड जमिनीला टेकलं की ओल धरतं," ते म्हणाले.

"आणि माणूस?" मी विचारलं.

"माणसाला कुठं पॉलिश करायचंय?"

ही गोष्ट साठच्या दशकातल्या दुबईची. अमिराती अजून एक व्हायच्या होत्या, दिरहम जन्माला यायचा होता, बाजारात आपला रुपयाच चालायचा आणि आज जिथं अल क्वोजची गोदामं आहेत तिथं वाळूखेरीज काही नव्हतं. दुबईच्या देरा भागात खाडीच्या काठाला एका अरब व्यापाऱ्याची पेढी होती. मुंबईहून येणारा माल उतरवून घ्यायचा आणि त्याचे कागद रंगवायचे, हे आमचं काम. तिघंही रत्नागिरीकडचे मुसलमान. मी नवखा टायपिस्ट, दुसरा गोदामाचा स्टोअरकीपर आणि खालू आमचे हेडक्लार्क. ते माझ्या आईच्या लांबच्या बहिणीचे यजमान, म्हणून मी त्यांना खालू म्हणायचो. मी म्हणतो म्हणून स्टोअरकीपर म्हणायचा, आणि पुढं पुढं खुद्द अरबाब, म्हणजे आमचे मालक, तेही म्हणायला लागले. स्वतःच्या नावानं त्यांना हाक मारणारं माणूस दुबईत उरलं नव्हतं.

दिसायला खालू म्हणजे आखूड हात, जाड भिंगाचा चष्मा आणि मान नावाला. घरी लुंगी, ऑफिसात लुंगीवर काळा कोट. अशा माणसाच्या हातात रेशनचं कार्ड शोभलं असतं. बंदूक तर तिच्या कारखान्यात कुणाला स्वप्नातही त्यांच्या हाती द्यावीशी वाटली नसती.

आणि बंदूक तरी कुठली मोठी लागून गेली होती! सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एक बलुची दुकानदार किटल्या, कंदील आणि छत्र्या विकायचा. त्या छत्र्यांतच ती उभी होती. एका वेळी एकच गोळी घेणारी, ससे-पाखरं मारायला हजारांनी काढलेली, सगळ्यांत स्वस्तातली रायफल. लाकूड पांढरट आणि वर तपकिरी रंगाचा हात फिरवलेला. दुकानदारालाही ती विकताना जरा लाज वाटली असावी, कारण त्यानं बरोबर एक छत्री फुकट दिली.

माझा नातू आज जुमेरा लेक टॉवर्समधल्या कुठल्याशा मजल्यावर ऑफिसात बसतो. त्याला खालूंची गोष्ट सांगायला घेतली की तो इथंच अडवतो. "बट दादा, व्हाय डिडन्ट ही जस्ट बाय अ बेटर वन?" शहाण्या माणसांना हा प्रश्न पडतोच. मलाही पडला होता आणि मी तो विचारण्याची चूक केली होती.

"बेटर?" खालू चष्म्यावरून बघत म्हणाले. "अरे, बेटर तर कुणीही विकत घेतो. हिला मी बेटर करणार. बघशील तू. इन्शाल्ला वर्षभरात ओळखायची नाहीस."

वर्षभरात मी तिला खरंच ओळखलं नसतं. पण त्या वर्षानंतर आणखी आठ वर्षं गेली आणि 'बेटर' चालूच राहिलं.

सुधारणेची त्यांची पद्धत ऑफिसची होती. आयुष्य कागदात गेलेला माणूस, बंदुकीलाही त्यानं फाइल केली. वर ठळक अक्षरांत 'सब्जेक्ट: रायफल'. एखादी सुधारणा सुचली की खालू आधी इंग्रजीत अर्ज लिहीत. 'बट्टला रबराची गादी बसवण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.' खाली सही. मग तो अर्ज तीन दिवस पडून राही, कारण कुठलाही अर्ज तीन दिवस पडून राहिला नाही तर त्याला वजन येत नाही, असं त्यांचं मत. चौथ्या दिवशी ते लाल पेन्सिलीनं त्यावर 'अप्रूव्ह्ड' लिहीत आणि पुन्हा सही करीत. एकदा मात्र त्यांनी स्वतःचाच अर्ज फेटाळला. बंदुकीवर तसबी, म्हणजे जपमाळ, अडकवायला पितळी आकडा हवा, असा तो अर्ज होता. शेरा पडला, 'नॉट नेसेसरी'. दोन दिवस खालू स्वतःशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फेरविचाराचा अर्ज आला आणि आकडा बसला.

अशा एकेक मंजुऱ्या होत होत बंदूक वाढत गेली. लॉरीच्या पायपुसण्याची गादी मागं आली. गालाला टेकायला सागाचा उंचवटा आला. तो खाडीवरच्या गलबतांच्या सुताराकडून गलबताच्याच पितळी स्क्रूंनी बसवून घेतला, त्यामुळं तो बंदुकीपेक्षा जास्त टिकेल याबद्दल शंका नव्हती. उन्हात लोखंड तापतं म्हणून घोड्याभोवती चामडं आलं. बंदूक तिरकी धरली जाऊ नये म्हणून सुताराच्या पाणसळीतली बुडबुड्याची काचनळी आली. दिशा चुकू नये म्हणून होकायंत्र आलं. आणि सगळ्यांत वर, एका मोडीत निघालेल्या गलबतावरची दुर्बीण आली. ती बंदुकीहून थोडीच आखूड होती. तिच्यातून खाडीपलीकडच्या बर-दुबईत कोण काय खातंय ते दिसायचं. समोरची गोष्ट मात्र दिसायची नाही.

"खालू, हिला आता इंजिन बसवा," स्टोअरकीपर म्हणायचा. "म्हणजे मुंबईला जाता येईल."

"हसा. एका माणसाला कळलं की बस आहे."

हा 'एक माणूस' कोण ते आम्हाला ठाऊक होतं. आम्ही बंदुकीला चांगली म्हटलेलं त्यांना चालत नसे. "तुमचं काय? तुम्ही ऑफिसच्या चहालाही चांगला म्हणता," असं म्हणून ते आमची तारीफ झटकून टाकीत. त्यांना हवा होता बंदुकीवर पोट भरलेला एक माणूस. त्यानं ही बंदूक हातात घ्यावी, वरखाली बघावी आणि म्हणावं, चांगली आहे. बाकी खालूंना काही नको होतं. हेडक्लार्कचं मॅनेजर व्हावं असंही त्यांना कधी वाटलं नाही.

याच्या मुळाशी त्यांची सासुरवाडी होती. सासऱ्यांकडं परवान्याची बंदूक होती, रानडुकरांसाठी घेतलेली, ओटीवर खुंटीला टांगलेली. लग्नानंतर पहिल्या ईदला खालूंनी सहज म्हणून तिला हात लावला तर मेहुणा सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडला, "दुल्हेभाई, हात नको लावू. तुझं काम नाही ते." बारा वर्षं ते त्या घरी जात राहिले आणि बारा वर्षं त्या खुंटीकडं पाठ करून बसत राहिले. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, तेही बंदुकीला तेल लावता लावता, तिच्याकडं बघत. मी आयुष्यात खूप लोकांची थट्टा केली आहे, पण ते ऐकल्यावर आठवडाभर मी खालूंना काही बोललो नाही.

त्या तेलाबद्दल सांगायला हवं. आखातातल्या कोरड्या हवेत लाकूड तडकतं. यावर जाणकार काय लावतात देव जाणे. खालूंचा बाप मचवेवाला, आणि लाकूड म्हटलं की त्याला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल, एवढंच त्यांच्या घराण्याला ठाऊक. दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते बाटली काढीत आणि मचव्याला चोपडावं तसं बंदुकीला चोपडीत. नऊ वर्षं. लाकडानं ते सगळं पिऊन घेतलं होतं. आमची खोली तीन गल्ल्यांना तोंडपाठ झाली होती; नवा माणूस पत्ता विचारत आला की लोक त्याला नाकासमोर जायला सांगत.

"कसला वास?" खालू खरोखर आश्चर्यानं विचारीत. त्यांच्या नाकाचा दोष नव्हता. जन्मल्यापासून त्यांना हवेलाच तो वास असतो असं वाटत होतं. खाडीवर तर कुणीच नाक मुरडत नसे, कारण तिथल्या प्रत्येक गलबताला हेच तेल.

एवढ्या सगळ्या खटाटोपात बंदूक उडायची मात्र नाही. गोळ्यांचं खोकं न फोडलेलं तसंच होतं. "आधी रायफल रेडी होऊ दे," असं ते म्हणत. रोज संध्याकाळी गच्चीवर पालथे पडून ते रिकाम्या बंदुकीनं खाडीतल्या गलबतांच्या डोलकाठ्यांवर नेम धरीत, बुडबुडा मधोमध आणीत, श्वास रोखीत आणि तोंडानं "ठो!" म्हणत. मग उठून वहीत टिपून ठेवीत: 'लागली.' नऊ वर्षांत त्यांची एकही गोळी चुकली नव्हती.

एक दिवस एका गलबताचा नाखवा पेढीवर तणतणत आला. मस्कतकडचा माणूस, आवाजानंच शीड फुगवील असा. त्याची तक्रार अशी की पेढीचा एक माणूस रोज मगरिबच्या नमाजाआधी त्याच्यावर बंदूक रोखून बसतो. पहिले दोन दिवस तो घाबरला, मग खलाशी घाबरले, आणि आता एक खलाशी डोलकाठीवर चढायलाच तयार नाही.

अरबाबनी खालूंना बोलावलं. मला वाटलं, खलास, नोकरी गेली. अरबाब उमेदीची वर्षं मुंबईत मोत्यांच्या व्यापारात घालवून आलेले, आमच्याशी बंबैया हिंदीत बोलायचे.

"खालू, तुम मेरे गिराक को गोली मारता है?"

"जी नहीं साब. सिर्फ प्रॅक्टिस. खाली है."

"बंदूक लाओ."

बंदूक आली. अरबाब तिच्याकडं बघतच राहिले. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नाखव्याला कॉफी पाजून वाटेला लावलं आणि खालूंना म्हणाले, "जुमेरात को मैं शिकार पे जाता है. तुम भी चलो. मेरा बुड्ढा है ना, बद्दू, वो साथ में है. उसको दिखाओ ये चीज."

त्या बुड्ढ्याचं नाव सगळ्या देऱ्यात माहीत होतं. वाळवंटात जन्मलेला बद्दू, म्हणजे भटका अरब, अरबाबच्या बापाच्या वेळेपासूनचा शिकारी. पाखराच्या पावलावरून ते सकाळी गेलं की दुपारी ते सांगायचा. त्या आठवड्यात खालूंनी तीन अर्ज लिहिले आणि तिन्ही त्याच दिवशी मंजूर केले, यावरून त्यांच्या जिवाची घालमेल समजावी. गुरुवारी त्यांनी दाढी केली, कोटाला इस्त्री केली आणि बंदुकीला, शुक्रवार नसताना, तेलाचा एक जादा हात दिला.

लँड रोव्हरमध्ये ड्रायव्हर आणि अरबाब पुढं, मागं मी, खालू, मांडीवर बंदूक आणि दोन सलुकी कुत्री. ही अरबांची हरणांमागं धावणारी कुत्री, बारीक, लांब, मोठ्या घरच्या सुनांसारखी कुणाकडं न बघणारी. शहर सुटेस्तोवर त्यांनी खालूंकडं बघितलं नाही. मग एकीनं नाक उचललं. दुसरीनं उचललं. आणि घाफच्या झाडांपाशी आमचा मुक्काम येईतो दोघींनी बंदुकीचं लाकूड मागच्या टोकापासून पुढच्यापर्यंत चाटून लख्ख केलं होतं.

"बघ," खालू माझ्या कानात म्हणाले, "जनावरालाही कळतं."

बुड्ढा आधीच तिथं होता, उंटावरून आलेला. काटकुळा, एका डोळ्यात फूल पडलेलं, कमरेला खंजीर. त्यानं आम्हाला सलाम केला आणि वाऱ्याच्या बाजूला सरकून बसला. उंटही सरकला.

सकाळी समोरच्या खडकाळ मैदानावर दोन हरणं दिसली. अरबाब खालूंना म्हणाले, "यल्ला खालू, पहला गोली तुम्हारा."

खालू कोटासकट वाळूवर पालथे पडले. त्यांनी नऊ वर्षांनी खोकं फोडून एक गोळी बंदुकीत घातली. मग तसबी बाजूला केली. होकायंत्र बघितलं. बुडबुडा मधोमध आणला. चष्मा काढला, दुर्बिणीत बघितलं, काही दिसेना म्हणून चष्मा लावला, मग दुर्बीण पुसली. एवढ्यात दोन्ही कुत्री येऊन पुन्हा लाकूड चाटायला लागली, म्हणून बुडबुडा हलला. खालू मराठीत त्यांना "हाड, हाड" करत होते आणि कुत्र्यांना मराठी येत नव्हतं. मी तोंडात रुमाल कोंबला होता. तेवढ्यात वारा फिरला. हरणांनी माना वर केल्या आणि दुसऱ्या क्षणी मैदान रिकामं होतं. त्या हरणांच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र बघितला नसेल, पण मचवा अंगावर येतोय एवढं त्यांना समजलं.

बुड्ढा उठला, खालूंच्या शेजारी येऊन उकिडवा बसला आणि त्यानं हात पुढं केला. खालूंनी आधी गोळी बाहेर काढली आणि मग बंदूक दोन्ही हातांनी त्याला दिली, तान्हं मूल मौलवीच्या हाती द्यावं तशी. मी त्यांचं तोंड बघत होतो. एवढ्या वयाच्या माणसाच्या तोंडावर इतकी आशा मी नंतर कधी बघितली नाही.

बुड्ढ्यानं बंदूक नाकाशी नेली आणि एकच शब्द बोलला. तो अरबी शब्द मलाही येत होता: मासळी.

अरबाब हसू दाबत म्हणाले, "पूछता है, तुम हिरन मारने को आया कि मच्छी पकड़ने को?"

खालूंचे डोळे बुड्ढ्याच्या हातांवर होते. त्यानं खंजिराचं टोक पहिल्या पितळी स्क्रूत घातलं आणि फिरवलं. दुर्बीण निघाली. ती त्यानं वाळूवर ठेवली, फेकली नाही. मग होकायंत्र. मग काचनळी. सागाचा उंचवटा निघेना. गलबताच्या सुतारानं काम चोख केलं होतं. बुड्ढ्यानं जरा जास्त जोर लावला तेव्हा तो निघाला. मग गादी, चामडं, आकडा. नऊ वर्षांचे अर्ज आणि मंजुऱ्या त्यानं एक चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात वाळूवर मांडून ठेवल्या. मग मूठ मूठ कोरडी वाळू घेऊन त्यानं लाकूड घासलं, वरचा रंग, तेल सगळं जाऊन खालचं पांढरट लाकूड दिसेपर्यंत.

माझं हसू केव्हाच गेलं होतं. मला म्हणावंसं वाटत होतं, अहो, थांबवा त्याला कुणीतरी. पण मी टायपिस्ट होतो, आणि म्हणालो नाही. याची मला आजही लाज वाटते.

बुड्ढ्यानं दुधाचा एक रिकामा डबा ड्रायव्हरकडून लांबवर ठेवून घेतला. इतका लांब की मला नुसतीच चमक दिसत होती. खालूंकडून गोळी मागून घेतली, बसल्या बसल्या बंदूक खांद्याला लावली आणि उडवली. डबा उडाला. ड्रायव्हरनं तो आणखी मागं नेऊन ठेवला. दुसरी गोळी. डबा पुन्हा उडाला.

बुड्ढ्यानं बंदूक आडवी धरून पहिल्यांदाच नीट बघितली. वरखाली बघितली. मग खालूंकडं वळून तो दोन-तीन वाक्यं बोलला.

"बोलता है," अरबाब आता हसत नव्हते, "बंदूक अच्छी है. बोलता है, सस्ती है लेकिन सीधी है. ऐसी बंदूक गरीब आदमी को मिल गई तो उसका घर भूखा नहीं सोएगा."

नऊ वर्षं जे ऐकायचं होतं ते शब्दन् शब्द खालूंनी ऐकलं, आणि त्यात त्यांचा एक स्क्रूही नव्हता. ज्या दिवशी ती छत्र्यांतून उचलली त्या दिवशी बंदूक जशी होती, तिला तो माणूस चांगली म्हणत होता. मी वाळूकडं बघत राहिलो.

खालू म्हणाले, "साब, उसको बोलो, रख ले."

"क्या?"

"बंदूक. उसको बोलो, रख ले. मेरा काम खलास हो गया."

बुड्ढ्यानं रिवाजाप्रमाणे तीनदा नको म्हटलं आणि खालूंनी तीनदा घे म्हटलं. चौथ्यांदा त्यानं ती घेतली आणि छातीला हात लावला. खालूंनी कोट काढून वाळूवर पसरला, त्यात दुर्बीण, गादी, होकायंत्र, सगळं एकेक पुसून ठेवलं आणि गाठोडं बांधलं. परतीच्या वाटेवर कुत्री त्या गाठोड्यालाच बिलगून बसली होती. खालू बाहेर बघत होते. मी विचारलं, "खालू, वाईट वाटतंय?" ते म्हणाले, "गप बस रे."

पुढचे आठ दिवस खाट रिकामी होती, पण खालू तिच्यावर झोपले नाहीत आणि त्यांना झोपा म्हणायची आमची छाती झाली नाही. स्टोअरकीपरसारखा तोंडाळ माणूस, पण त्यानंही एक टोमणा मारला नाही, उलट एकदा म्हणाला, "वास नाही तर खोली आपली वाटत नाही."

शुक्रवारी नमाजानंतर खालू मला म्हणाले, "चल, सूकला जाऊन येऊ." बलुची दुकानदारानं त्यांना बसायला स्टूल दिलं. देऱ्यात बातमी लपत नाही. बद्दूनं बंदूक अच्छी म्हटल्याचं त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला स्वतःच्या मालाचा एकदम अभिमान वाटायला लागला होता. आता या गिऱ्हाइकाला भारी माल दाखवायचा म्हणून त्यानं आतल्या पेटीतून कापडात गुंडाळलेली एक विलायती रायफल काढली. अक्रोडाचं गडद लाकूड, वर नक्षी, घोडा बोट लावताच बोलेल असा.

खालूंनी ती हातात घेतली. खांद्याला लावली. दारातून दिसणाऱ्या एका मिनारावर नेम धरला आणि बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं, घेतली. मनातून मी खूश झालो. एवढं सोसल्यावर माणसाच्या हातात एकदा तरी चांगली वस्तू यायला हवी.

खालूंनी रायफल खाली घेतली, कापडात होती तशी गुंडाळली आणि दुकानदाराला परत दिली.

"इसमें करने का क्या है?" ते म्हणाले. मग चष्मा कपाळावर चढवून, किटल्या आणि छत्र्यांच्या मागं वाकून बघत त्यांनी विचारलं, "इससे खराब कुछ नहीं है क्या?"